विश्लेषण : चमकणारी तार अचानक का तुटते? शिडाच्या बोटीची डोलकाठी उभी ठेवणाऱ्या तारांची देखभाल कशी करावी?

पावसाळ्यात किनाऱ्यावर चढवून ठेवलेल्या शिडाच्या छोट्या बोटी ऑक्टोबरच्या सुमारास मुंबई बंदरात पुन्हा पाण्यात उतरतात. त्याआधी तळाला रंग लागतो, शिडे उलगडून पाहिली जातात, इंजिन सुरू करून बघितले जाते. डोलकाठी उभी धरणाऱ्या तारांवर मात्र बहुतेक वेळा फक्त नजर फिरते. तारा स्टेनलेस स्टीलच्या असतात, चकचकीत दिसतात, त्यामुळे ‘ठीक आहेत’ असा शेरा मिळतो. नेमकी इथेच फसगत होते. दोर झिजला की त्याचे धागे सुटलेले दिसतात. स्टेनलेस स्टीलची तार मात्र जिथे दिसत नाही तिथे कमजोर होते आणि एखाद्या झोताबरोबर तुटते. या तारा काम कसे करतात, बिघडतात कशा आणि कमी खर्चात त्यांची तपासणी कशी करता येते, हे समजून घेऊ या.

डोलकाठी कोसळली तर काय होते?

२१ सप्टेंबर २०१८. ‘गोल्डन ग्लोब रेस’ या एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात होते. गोव्यात बांधलेली त्यांची ‘थुरिया’ ही छोटी बोट ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात आणि १४ मीटर उंचीच्या लाटांत उलटून फिरली. डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. ऑस्ट्रेलियातील पर्थपासून ते सुमारे १,९०० सागरी मैलांवर होते. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच मत्स्यगस्ती जहाजाने त्यांची सुटका केली. त्या एका शर्यतीत पाच स्पर्धकांच्या डोलकाठ्या गेल्या.

बोट पूर्ण उलटली तर उत्तम देखभाल केलेली डोलकाठीही मोडू शकते, त्यामुळे ‘थुरिया’च्या अपघाताचा दोष देखभालीला देता येत नाही. पण डोलकाठी कोसळण्याचा दुसराही प्रकार आहे. वारा साधा, लाटा साध्या आणि तरीही काही रुपयांची एखादी पिन निसटते किंवा तारेच्या टोकाची पकड सुटते. वादळ आपल्या हातात नसते, पिन असते. हा लेख त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

स्टँडिंग रिगिंग म्हणजे नेमके काय?

शीड वर-खाली करणारे आणि वळवणारे दोर हलते असतात. डोलकाठी जागेवर धरून ठेवणाऱ्या तारा मात्र एकदा ताणल्या की तशाच राहतात. या कायम ताणलेल्या तारा आणि त्यांच्या जोडण्या मिळून होते ते स्टँडिंग रिगिंग. तंबूला चारही बाजूंनी बांधलेले तणावे किंवा वळणावरच्या विजेच्या खांबाला दिलेली तिरकी तार डोळ्यांसमोर आणा. तत्त्व तेच आहे.

छोट्या बोटीवर साधारण तीन दिशांचे तणावे असतात. पुढच्या टोकाकडे जाणारा फोरस्टे, मागच्या टोकाकडे जाणारा बॅकस्टे आणि दोन्ही बाजूंचे श्राउड. काही छोट्या बोटींना बॅकस्टे नसतो, तिथे बाजूचे तणावे थोडे मागे ओढून बांधतात. डोलकाठीच्या मध्यावर दोन्ही बाजूंना निघालेले आडवे दांडे म्हणजे स्प्रेडर. ते बाजूच्या तारेला बाहेर ढकलतात, त्यामुळे तार आणि डोलकाठी यांच्यातील कोन वाढतो आणि तारेवरचा भार कमी होतो.

तार ही या साखळीतील फक्त एक कडी. वरच्या टोकाला डोलकाठीची जोडणी, खालच्या टोकाला तारेवर दाबून बसवलेली नळी म्हणजे टर्मिनल, त्याखाली ताण कमी-जास्त करणारा टर्नबकल, मग पिन आणि शेवटी बोटीच्या अंगात बोल्टने पक्की केलेली पट्टी म्हणजे चेनप्लेट. यातली एक गोष्ट सुटली तरी बाकीच्यांचा काही उपयोग नाही.

तारेवर किती भार येतो?

हिशेब अवघड नाही. वाऱ्याने बोट कलते आणि तळाच्या वजनामुळे ती पुन्हा सरळ होऊ पाहते. हा सरळ होण्याचा जोर बाजूच्या तारेतून डोलकाठीपर्यंत पोहोचतो. समजा, एका छोट्या बोटीसाठी तो ६०० किलो-मीटर आहे आणि डोलकाठीपासून चेनप्लेटचे आडवे अंतर १ मीटर आहे. तर वाऱ्याकडील तारांवर मिळून सुमारे ६०० किलोचा ताण येतो. हेच अंतर अर्धा मीटर असते तर ताण दुप्पट, म्हणजे १,२०० किलो झाला असता. लाटेवर बोट आपटली की हा आकडा क्षणभर आणखी वाढतो.

छोट्या बोटींवर साधारण ४ ते ६ मिलिमीटर जाडीची तार असते. ५ मिलिमीटरची चांगली तार जवळपास २ टनांवर तुटते, ६ मिलिमीटरची सुमारे २.८ टनांवर. म्हणजे नवी तार पुरेशी दणकट असते. प्रश्न ती नवी असतानाच्या ताकदीचा नाही, दहा पावसाळे खाल्ल्यावर त्यातली किती उरली याचा आहे.

स्टेनलेस स्टील गंजते कसे?

‘स्टेनलेस’ म्हणजे डाग न पडणारे. पण हे स्टील आपोआप सुरक्षित राहत नाही. त्यातील क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच थर गंजापासून वाचवतो. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळत असेल तर थर पुन्हा तयार होतो. जिथे खारे पाणी साचून राहते आणि हवा पोहोचत नाही, तिथे मात्र थर तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. मग बारीक खड्डे पडतात आणि खड्ड्यातून भेग जाते.

आता तारेचे खालचे टर्मिनल पाहा. तोंड वर असलेल्या पेल्यासारखी त्याची रचना असते. तारेवरून ओघळणारे खारे पाणी थेट त्यात उतरते, उन्हात सुकते, मीठ मागे राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वरच्या टर्मिनलचे तोंड खाली असल्याने त्यात पाणी साचत नाही. म्हणूनच खालची टर्मिनले आधी जातात. बोटीच्या अंगातून आरपार जाणाऱ्या चेनप्लेटचेही तसेच. डेकवर दिसणारा भाग लखलखीत आणि सीलंटखाली दडलेला भाग खाल्लेला, असे होऊ शकते.

दुसरा शत्रू म्हणजे धातूचा थकवा. बांधकामावरची बाइंडिंग वायर पुढे-मागे वाकवत राहिले की ती हातात तुटते. डोलकाठी हलते तशी तारही टर्मिनलच्या तोंडाशी थोडीथोडी वाकते. तिला सर्व दिशांना मोकळे हलू देणारा सांधा नसेल, तर तार नेमकी तिथेच तुटते.

चुंबक लावून स्टील ओळखता येते का?

भांड्यांच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात ‘चुंबक चिकटले नाही, म्हणजे माल अस्सल’ असे सर्रास सांगितले जाते. बोटीच्या तारेसाठी ही परीक्षा कामाची नाही. समुद्रासाठी ३१६ प्रतीचे स्टील वापरतात. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि ते मिठाला तोंड देते. स्वस्त ३०४ प्रतीत ते नसते. दोन्ही प्रती साधारणपणे चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे त्यांच्यातला फरक चुंबक सांगू शकत नाही. उलट, थंड अवस्थेत ओढून बनवलेली चांगली तारही चुंबकाकडे थोडी ओढली जाऊ शकते. खरेदी करताना चुंबकापेक्षा प्रतीचे प्रमाणपत्र मागणे शहाणपणाचे.

तारेची वीणही महत्त्वाची. डोलकाठीच्या तणाव्यांसाठी १९ जाड धाग्यांची तार असते : मध्ये १, त्याभोवती ६ आणि बाहेर १२. ती कमी ताणली जाते. व्यायामशाळेतील यंत्रांसाठी मिळणारी बारीक धाग्यांची लवचीक तार तेवढ्याच जाडीची असली, तरी जास्त ताणली जाते. तिथे ती बसवू नये.

जुन्या गलबतांना ही अडचण नव्हती का?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात समुद्र नाही. पण उल्हास नदी इथूनच कल्याणच्या खाडीकडे जाते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजबांधणी याच खाडीत सुरू झाली. उल्हासनगर कॅम्प नं. ३ पासून दुर्गाडी किल्ला काही किलोमीटरवरच आहे. त्या काळी जहाजांच्या डोलकाठ्या दोरांनी बांधल्या जात. दोर कुजायचे, सैल व्हायचे, वारंवार बदलावे लागायचे. पण त्यांचा एक मोठा गुण होता. बिघाड डोळ्यांना दिसायचा आणि हाताला लागायचा.

काथ्याचे तंत्र आजही जिवंत आहे. गोव्यात काथ्याच्या दोराने फळ्या शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले. काथ्याच्या जहाजावर खलाशाला रोज दोर तपासावेच लागतात. स्टीलने ही रोजची सक्ती काढून टाकली आणि तिच्याबरोबर तपासणीची सवयही गेली.

तपासणी कुठून सुरू करावी?

सर्वात चांगला मार्ग म्हणजे वर्षातून एकदा डोलकाठी खाली उतरवणे. छोट्या बोटीवर दोन-तीन माणसांत हे काम होते. मात्र आधी वर विजेची तार नाही याची खात्री करा. ॲल्युमिनियमची डोलकाठी विजेच्या तारेला टेकली तर जीव जाऊ शकतो. बोट गाडीवरून नेतानाही हाच धोका असतो.

डोलकाठी आडवी ठेवल्यावर तारा गोड्या पाण्याने धुवा आणि पुढील क्रमाने पाहा.

१. तार : कापसाचा बोळा किंवा टिश्यू पेपर तारेवरून सावकाश फिरवा. एखादा धागा तुटला असेल तर कापूस तिथे अडकतो. उघडा हात फिरवू नका, तुटलेला धागा सुईसारखा खोल घुसतो.

२. टर्मिनल : तोंडाशी तपकिरी ओघळ आहे का, नळीवर उभी भेग आहे का, नळी केळ्यासारखी वाकली आहे का, हे भिंगाने पाहा. वरवरचे तांबूस डाग पुसले जातात. पुसल्यावरही काही दिवसांत आतून पुन्हा ओघळ आला, तर तो गंभीर इशारा समजावा.

३. टर्नबकल : पूर्ण उघडून आटे साफ करा. स्टेनलेसचे आटे कोरडे फिरवले तर एकमेकांना चिकटून जाम होतात, म्हणून लॅनोलिनसारखे वंगण लावा.

४. पिन : प्रत्येक मोठ्या पिनमध्ये स्प्लिट पिन आहे ना, हे मोजून पाहा. तिची टोके थोडीशीच फाकवा. पूर्ण गुंडाळलेली पिन अडचणीच्या वेळी निघत नाही. जुनी स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा वापरू नये, दरवर्षी नवी घालावी.

५. चेनप्लेट : दरवर्षी निदान एक बोल्ट सोडवून बाहेर काढून पाहा. तो खाल्लेला निघाला तर सगळ्या काढा. बोटीच्या आत चेनप्लेटखाली पाण्याचा ओघळ दिसत असेल तर थांबूच नका.

६. डोलकाठी : ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस यांच्यामध्ये खारे पाणी आले की ॲल्युमिनियम झिजते. जोडण्यांभोवती पांढरी भुकटी किंवा रंगाखाली फुगवटा दिसला तर रिबिट आणि स्क्रू काढून तपासा. परत बसवताना मध्ये विलग करणारी पेस्ट लावा.

टोके बोचू नयेत म्हणून टर्नबकलवर चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत आहे. पिनच्या टोकापुरती ती चालेल. पण पूर्ण टर्नबकल गुंडाळला तर आत खारे पाणी अडकते आणि हवा तुटते. म्हणजे गंजाला हवी तीच परिस्थिती आपण हाताने तयार करतो.

भेग डोळ्यांना दिसत नसेल तर?

अंबरनाथ, बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत फॅब्रिकेशनचे काम केलेल्यांना याचे उत्तर माहीत असेल. टाकीची वेल्डिंग तपासतात तीच डाय पेनेट्रंट चाचणी इथेही चालते. भाग स्वच्छ करून त्यावर लाल द्रव फवारायचा, दहा ते वीस मिनिटे थांबायचे, पुसून काढायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. भेगेत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेषेसारखा उमटतो. टर्मिनलची नळी, टर्नबकल, पिन आणि चेनप्लेट यांच्यासाठी ही चाचणी उपयोगी आहे. मात्र ती पृष्ठभागावर उघडणारी भेगच दाखवते. नळीच्या आत तारेचे काय झाले आहे, ते तिला कळत नाही.

ताण किती ठेवावा आणि मोजावा कसा?

सैल तार सुरक्षित असते हा गैरसमज आहे. सैल तार प्रत्येक लाटेला हिसका देते आणि हिसका स्थिर ताणापेक्षा घातक असतो. अति घट्ट तार डोलकाठीला खाली दाबते आणि बोटीचे अंग वाकवते. वरपर्यंत जाणाऱ्या बाजूच्या तारांसाठी, तुटण्याच्या भाराच्या साधारण १५ ते २० टक्के ताण ही नेहमीची मर्यादा. बोट बनवणाऱ्याची सूचना असेल तर ती आधी पाळावी.

यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. तार हाताने आवळल्यावर २ मीटर लांबीची पट्टी घ्या. तिचे वरचे टोक तारेला घट्ट चिकटवा आणि खालचे टोक टर्मिनलच्या कडेला टेकलेले ठेवा. आता टर्नबकल आवळा. तार ताणली की पट्टीचे खालचे टोक टर्मिनलपासून सुटते. १९ धाग्यांच्या तारेत १ मिलिमीटर फट म्हणजे तुटण्याच्या भाराच्या सुमारे ५ टक्के ताण. म्हणजे ३ मिलिमीटरला १५ टक्के. तार जाड असो वा बारीक, हे प्रमाण तेच राहते, कारण जाडी वाढली की ताकद आणि ताठपणा दोन्ही सारखेच वाढतात.

दोन्ही बाजूंचे टर्नबकल समान फेरे फिरवा आणि मध्येमध्ये शिडाच्या खाचेतून खालून वर पाहून डोलकाठी सरळ असल्याची खात्री करा. शेवटची परीक्षा पाण्यात. मध्यम वाऱ्यात बोट साधारण १५-२० अंश कलल्यावर वाऱ्याविरुद्ध बाजूची तार लोंबकळू लागली तर ताण कमी आहे.

दुरुस्ती करावी की बदलावे?

इथे काटकसर चालत नाही. एक जरी धागा तुटला असेल तर तार बदलायची. तुटलेला धागा झाळून किंवा वेल्ड करून जोडता येत नाही, कारण उष्णतेने आजूबाजूच्या धाग्यांची ताकद जाते. भेगाळलेल्या टर्मिनललाही दुरुस्ती नाही. एका बाजूची तार थकली असेल तर दुसऱ्या बाजूच्या तारेनेही तितकाच काळ समुद्र सोसलेला असतो, म्हणून जोडीने बदलणे योग्य.

टर्मिनल दाबून बसवायला खास यंत्र लागते. वजन उचलण्याच्या स्लिंगवर हातोड्याने किंवा साध्या प्रेसने बसवतात ती कडी इथे चालत नाही. घरच्या घरी काम करायचे असेल तर आत शंकू असलेली, पान्याने आवळायची टर्मिनले मिळतात. ती उघडून आत पाहता येतात, हा त्यांचा मोठा फायदा. डोलकाठी उभी असतानाच बदल करायचा असेल तर एका वेळी एकच तार काढा आणि तिच्या जागी शिडाचा मोकळा दोर आवळून बांधा. जुनी तार फेकू नका, नव्या तारेच्या लांबीसाठी तोच नमुना असतो.

तारेला वयोमर्यादाही आहे. सर्वसाधारण शिफारस १० ते १२ वर्षांची. आपल्याकडच्या उष्ण, दमट आणि खाऱ्या हवेत त्याआधीच तपासणी कडक करावी. जुनी बोट विकत घेताना ‘तारा कधी बदलल्या?’ हा प्रश्न इंजिनाआधी विचारावा. पावती दाखवता आली नाही तर तारा बदलाव्या लागतील असे धरूनच किंमत ठरवावी.

समुद्रात तार तुटलीच तर?

डोलकाठी कोसळायला काही वेळा अवघे काही क्षण लागतात, त्यामुळे पहिली कृती पाठ असावी. भार आहे त्या बाजूची तार तुटली तर बोट लगेच वळवून वारा दुसऱ्या बाजूने घ्या. पुढची तार तुटली तर वारा मागून घ्या. मागची तुटली तर बोटीचे नाक वाऱ्याकडे वळवा आणि मोठ्या शिडाचा दोर आवळलेलाच ठेवा. मग शिडे उतरवून, मोकळे दोर त्या बाजूला ताणून डोलकाठीला तात्पुरता आधार द्या. बोटीवर सर्वात लांब तारेएवढा मजबूत दोर, काही बुलडॉग क्लॅम्प आणि जादा पिना ठेवाव्यात.

डोलकाठी पाण्यात पडलीच तर ती लाटेबरोबर बोटीच्या अंगावर आदळून भोक पाडू शकते. आधी माणसे मोजा, मग डोलकाठी बांधून धरता येते का पाहा. येत नसेल तर पिना काढून किंवा तार कापून ती सोडून द्या. त्यासाठी तार कापायचे कटर आणि लोखंड कापायची करवत सहज हाताला लागेल अशा जागी हवी. पाण्यात दोर लोंबकळत असताना इंजिन सुरू करू नका, ते पंख्यात अडकतात.

गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’ या सुमारे १७ मीटर लांबीच्या नौकेने दोनदा जगप्रदक्षिणा केली आहे. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी, तर २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी. दोन्ही मोहिमांत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन इथे थांबे होते. अशा थांब्यांवर बोट तपासून, दुरुस्त करूनच पुढे निघायचे असते. मांडव्यापर्यंत जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या बोटीला इतकी मोठी तयारी लागत नाही. तिला वर्षातून एक दिवस, एक भिंग, थोडा कापूस आणि नव्या स्प्लिट पिना पुरतात.